गुडघा बदलल्यानंतरची पहिली रात्र : कमरेतून दिल्या जाणाऱ्या वेदनाशामकाचे बळ आणि त्याची किंमत

आनेकल (बंगळुरू) : गुडघा प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया ठरली की घरची मंडळी साधारणपणे तीन गोष्टींची चौकशी करतात. शल्यविशारद कोण, कृत्रिम सांधा कोणत्या कंपनीचा आणि खर्च किती. चौथा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी आणि पहिल्या रात्री वेदना कशी आटोक्यात ठेवली जाणार, हा तो प्रश्न होय. रुग्ण दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहील की नाही, गुडघा पुरेसा वाकेल की नाही आणि ती रात्र सुरक्षित जाईल की नाही, हे बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

बंगळुरू शहर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तामिळनाडूच्या सीमेला लागून असलेल्या आनेकल तालुक्यात हा प्रश्न विशेष जवळचा ठरतो. होसूर महामार्गालगत बोम्मसंद्र येथे नारायणा हेल्थ सिटीचा मोठा रुग्णालय-परिसर आहे, तर अत्तिबेलेजवळ यडवनहळ्ळी येथे ऑक्सफर्ड वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्स सिटीत नोकरी करणाऱ्या तरुणांमध्ये महाराष्ट्रातून आलेले अनेक जण आहेत. गावाकडच्या आई-वडिलांचे गुडघे बदलायचे झाले की मुलगा किंवा सून जिथे राहते तिथेच शस्त्रक्रिया करून घेण्याकडे कल असतो. अशा वेळी परक्या भाषेच्या वॉर्डात वडीलधाऱ्या माणसाची पहिली रात्र जाते, आणि 'दुखतंय' एवढे सांगणेही अवघड होऊन बसते.

वेदना एवढी का, आणि ती शमवणे निकडीचे का

गुडघा प्रत्यारोपणात मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक कापून त्यांवर धातूचे आणि प्लॅस्टिकचे भाग बसवले जातात. हाडाचे आवरण, सांध्याभोवतीचे अस्तर आणि स्नायूंचे बंध यांत वेदनेच्या मज्जातंतूंचे दाट जाळे असते. त्यामुळे अस्थिशल्यक्रियांमध्ये ही सर्वाधिक दुखणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक मानली जाते. पहिले २४ ते ४८ तास सर्वांत कठीण असतात.

या काळात वेदना निमूटपणे सोसणे म्हणजे धीर दाखवणे, असा समज आपल्याकडे रुजलेला आहे. वैद्यकीयदृष्ट्या तो घातक ठरू शकतो. दुखणारा रुग्ण पाय हलवत नाही. पाय हलला नाही तर पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, सांधा आखडतो, खोल श्वास घेतला जात नाही, झोप लागत नाही आणि वृद्धांमध्ये भ्रमिष्टपणाही उद्भवू शकतो. तीव्र वेदना दीर्घकाळ चालू राहिली तर मज्जासंस्था अतिसंवेदनशील होते. प्रत्यारोपणानंतर दर पाच रुग्णांमागे सुमारे एकाला काही महिन्यांनंतरही दुखणे राहते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. त्यामागे अनेक कारणे असतात आणि सुरुवातीच्या दिवसांतील अनियंत्रित वेदना हे त्यांतले एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

एका सुईतून दोन कामे

भारतात बहुतांश गुडघा प्रत्यारोपण कमरेतून भूल देऊन केले जाते. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याखाली मज्जातंतूंचा जुडगा मेरुद्रवात तरंगत असतो. भूलतज्ज्ञ तिसऱ्या व चौथ्या किंवा चौथ्या व पाचव्या मणक्यांमधून केसासारखी बारीक सुई घालून या द्रवात औषध सोडतात. मज्जारज्जू वर असल्याने त्याला इजा होण्याची शक्यता अत्यल्प राहते.

त्या सिरिंजमध्ये मुख्य औषध असते बुपिव्हॅकेन. ते मज्जातंतूंचे संदेश थांबवते, कमरेखालचा भाग बधिर करते आणि शस्त्रक्रिया होऊ देते. परंतु दोन-चार तासांत त्याचा प्रभाव ओसरतो, आणि नेमकी तेव्हाच खरी वेदना सुरू होते. ही पोकळी भरून काढण्यासाठी त्याच सिरिंजमध्ये दुसऱ्या औषधाची अगदी अल्प मात्रा मिसळली जाते. यांपैकी सर्वाधिक अभ्यासले गेलेले औषध म्हणजे मॉर्फिन.

मात्रेचा हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. वेदनेसाठी स्नायूत दिल्या जाणाऱ्या मॉर्फिनचे नेहमीचे प्रमाण १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. मेरुद्रवात मात्र सुमारे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा शंभरावा भाग पुरतो. कारण औषध रक्तातून सर्व शरीर फिरून येत नाही, थेट मुक्कामी पोहोचते. मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला वेदनेचे संदेश वर पाठवणाऱ्या पेशींचे एक नाके असते. तेथील ग्राहींना मॉर्फिन चिकटते आणि संदेश तिथेच अडवला जातो. स्पर्श, हालचाल आणि स्नायूंची ताकद शाबूत राहते. बधिरपणा उतरल्यावर रुग्ण पाय हलवू शकतो आणि तरीही त्याला फारसे दुखत नाही. हा आराम साधारणपणे १८ ते २४ तास टिकतो.

सव्वाशे वर्षांचा प्रवास

कमरेतून भूल देण्याचा पहिला नियोजित प्रयोग जर्मनीतील कील शहरात ऑगस्ट १८९८ मध्ये झाला. शल्यविशारद ऑगस्ट बीअर यांनी क्षयाने सडलेल्या घोट्याच्या शस्त्रक्रियेसाठी एका मजुराच्या मेरुद्रवात कोकेन सोडले. पुढे काही दिवसांतच बीअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हाच प्रयोग परस्परांवर केला. हिल्डेब्रांट यांच्या नडगीवर हातोडीने मारून पाहिले तरी त्यांना वेदना जाणवली नाही. नंतर मात्र दोघांनाही डोकेदुखीने ग्रासले. मेरुद्रव सुईच्या छिद्रातून झिरपल्याने होणारी ही डोकेदुखी आजही ओळखीची आहे. सुया बारीक आणि पेन्सिलीसारख्या टोकाच्या झाल्यापासून तिचे प्रमाण पुष्कळ घटले आहे.

मॉर्फिनचा मार्ग बराच उशिरा मोकळा झाला. मेंदूत अफूजन्य औषधांचे ग्राही असल्याचे १९७३ मध्ये सिद्ध झाले. १९७६ मध्ये टोनी याक्श आणि थॉमस रूडी यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की मॉर्फिन थेट मज्जारज्जूवर काम करून वेदना थांबवते. १९७९ मध्ये अमेरिकेतील वांग, नाउस आणि थॉमस यांनी कर्करोगाच्या वेदनेने त्रस्त आठ रुग्णांच्या मेरुद्रवात अर्धा ते एक मिलिग्रॅम मॉर्फिन देऊन मिळालेल्या दीर्घ आरामाची नोंद प्रसिद्ध केली. त्यानंतर जगभर ही पद्धत झपाट्याने पसरली. तिच्यामागोमाग श्वास मंदावल्याच्या घटनाही नोंदल्या जाऊ लागल्या. पुढच्या चार दशकांचा इतिहास हा मुख्यतः मात्रा कमी कमी करत नेण्याचा इतिहास आहे. आराम पुरेसा आणि धोका कमीत कमी, असा तोल साधत ती आजच्या १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास येऊन स्थिरावली.

आरामाची किंमत

मॉर्फिन पाण्यात सहज मिसळते, चरबीत मात्र फारसे विरघळत नाही. म्हणूनच ते मेरुद्रवात रेंगाळते आणि दीर्घकाळ आराम देते. हाच गुण त्याचा दोषही ठरतो. रेंगाळलेले औषध द्रवाच्या प्रवाहाबरोबर हळूहळू वर सरकते आणि काही तासांनी मेंदूच्या तळाशी, श्वासाची लय सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचते. तेथे त्याचे प्रमाण जास्त झाले तर श्वास मंद होतो. हा परिणाम औषध दिल्याबरोबर दिसत नाही. तो बहुधा ६ ते १२ तासांनी दिसतो आणि २४ तासांपर्यंतही उद्भवू शकतो.

याचा व्यवहारातील अर्थ असा की सकाळी दहा वाजता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णासाठी दुपारी चारपासून रात्री दहापर्यंतचा काळ अधिक जोखमीचा, आणि सावधगिरी दुसऱ्या सकाळपर्यंत आवश्यक. तोवर शस्त्रक्रियागृहातील चमू घरी गेलेला असतो, भेटीची वेळ संपलेली असते आणि वॉर्डात रात्रपाळीची परिचारिका अनेक रुग्णांना सांभाळत असते. कमी मात्रेत गंभीर प्रकार विरळा घडतात. पण विरळा म्हणजे अशक्य नव्हे. वय जास्त, लठ्ठपणा, घोरताना श्वास अडकण्याचा विकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा रात्री झोपेच्या गोळ्या घेण्याची सवय असल्यास धोका वाढतो. गुडघे बदलणाऱ्या रुग्णांत नेमकी अशीच मंडळी अधिक असतात.

अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेच्या २०१६ मधील मार्गदर्शनानुसार मेरुद्रवात मॉर्फिन दिलेल्या रुग्णावर किमान २४ तास लक्ष ठेवावे. पहिले १२ तास दर तासाला आणि पुढचे १२ तास दर दोन तासांनी त्याचा श्वास, रक्तातील प्राणवायू आणि जागरूकता तपासावी. श्वास मंदावण्यापूर्वी बहुधा अवाजवी गुंगी येते. 'आताच डोळा लागलाय, झोपू द्या' असे म्हणून नातेवाइकांनी परिचारिकेला अडवणे प्रेमापोटी असले तरी योग्य नव्हे. झोपलेल्या रुग्णाला हाक मारून पाहणे हा तपासणीचाच भाग आहे. श्वास मंदावल्यास नॅलॉक्सोन या उताऱ्याने मॉर्फिनचा प्रभाव काही मिनिटांत उलटवता येतो. मात्र त्यासाठी तो प्रकार कोणाच्या तरी वेळेवर लक्षात आला पाहिजे.

इतर त्रास कमी गंभीर असले तरी वारंवार दिसतात. चेहरा, नाक आणि छातीवर खाज सुटणे हा त्यांतला सर्वांत परिचित. ही अ‍ॅलर्जी नव्हे, मज्जासंस्थेवरील परिणाम आहे आणि औषधांनी तो आटोक्यात येतो. मळमळ व उलट्या होतात. लघवी अडकते, विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांमध्ये, आणि काही काळ नळी घालावी लागते. दोन शंका मात्र निराधार आहेत. एकदा दिलेल्या एवढ्या अल्प मात्रेने व्यसन लागत नाही. तसेच कमरेत सुई टोचल्याने कायमची पाठदुखी जडते, या सर्वदूर पसरलेल्या समजाला अभ्यासांचा आधार नाही. सुईच्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो, इतकेच.

अफूचा देश, मॉर्फिनची टंचाई

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आणि नीमच व गाझीपूर येथे केंद्र सरकारचे अफू व अल्कलॉइड कारखाने आहेत. तरीही देशातील असंख्य रुग्णालयांत दीर्घकाळ मॉर्फिन उपलब्ध नव्हते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गैरवापर रोखण्यासाठी इतके परवाने बंधनकारक केले की रुग्णालयांनी औषध ठेवणेच टाळले. २०१४ च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' हा वर्ग निर्माण केला. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी देशभर एकसारखी आणि सोपी पद्धत त्यामुळे शक्य झाली. मॉर्फिन आणि फेंटानिल यांसह सहा औषधे या वर्गात मोडतात.

मेरुद्रवासाठी आणखी एक अट असते. त्यात सोडायच्या मॉर्फिनमध्ये टिकाऊपणासाठीची रसायने असता कामा नयेत. असे मॉर्फिन हाताशी नसले, किंवा रात्रभर देखरेखीची खात्री नसली, की भूलतज्ज्ञ पर्याय निवडतात. फेंटानिल झटपट काम करते आणि काही तासांतच उतरते, त्यामुळे उशिरा श्वास मंदावण्याचे भय कमी राहते, पण रात्रीचा आरामही मिळत नाही. ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅल्ब्युफिन यांचाही वापर होतो. क्लोनिडीन आणि डेक्समेडेटोमिडीन ही अफूजन्य नसलेली औषधे बुपिव्हॅकेनचा प्रभाव लांबवतात. मात्र त्यांनी रक्तदाब आणि नाडीची गती घसरू शकते. थोडक्यात, किंमत न मोजता आराम देणारे औषध अद्याप सापडलेले नाही.

बदलते मत

गेल्या काही वर्षांत वेदनेला एकाच औषधाने भिडण्याऐवजी अनेक बाजूंनी थोडे थोडे अडवण्याची पद्धत रूढ होत आहे. शस्त्रक्रियेपूर्वीपासून पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या, शस्त्रक्रियेच्या वेळी डेक्सामेथासोनची एक मात्रा, शल्यविशारदाने सांध्याभोवतीच्या ऊतींत टोचलेले बधिरीकरणाचे मिश्रण आणि सोनोग्राफीच्या साहाय्याने मांडीच्या आतील बाजूस दिलेला अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक, असा तो संच असतो. जांघेतील मोठा मज्जातंतू बधिर करण्याच्या जुन्या पद्धतीने मांडीचे स्नायू लुळे पडत आणि रुग्ण तोल जाऊन पडण्याची भीती असे. नव्या ब्लॉकमध्ये स्नायूंची ताकद बरीचशी टिकते, त्यामुळे रुग्णाला लवकर चालवता येते.

युरोपातील तज्ज्ञांच्या प्रॉस्पेक्ट गटाने २०२२ मध्ये गुडघा प्रत्यारोपणासाठी याच संचाची शिफारस केली. ब्लॉक आणि सांध्याभोवतीचे इंजेक्शन हे दोन्ही शक्य नसतील अशा विरळ परिस्थितीत, रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांसाठी १०० मायक्रोग्रॅम मॉर्फिनचा विचार करता येईल, असे या गटाचे मत आहे. तरीही मेरुद्रवातील मॉर्फिन बाद झालेले नाही. त्यासाठी सोनोग्राफी यंत्र लागत नाही, वेगळी सुई टोचावी लागत नाही, औषधाचा खर्च किरकोळ असतो आणि आराम खात्रीचा असतो. साधने मर्यादित असलेल्या रुग्णालयात हे लाभ दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. मात्र ज्या रुग्णालयाकडे साधने कमी, त्याच्याकडे रात्री देखरेख करणारे हातही बहुधा कमीच असतात. या औषधाविषयीच्या वादाचे मूळ तिथे आहे.

एका चुकीच्या कुपीचा धोका

सुरक्षिततेचा आणखी एक मुद्दा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच उभा राहतो. गुडघा प्रत्यारोपणात रक्तस्राव कमी करण्यासाठी ट्रॅनेक्सॅमिक आम्ल शिरेतून दिले जाते. त्याची कुपी आणि कमरेतून द्यायच्या बुपिव्हॅकेनची कुपी काही वेळा दिसायला सारख्याच असतात. अदलाबदल होऊन ट्रॅनेक्सॅमिक आम्ल मेरुद्रवात गेले तर तीव्र झटके येतात, हृदयाची लय बिघडते आणि अशा प्रसंगांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे असते. भारतासह अनेक देशांत अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२५ मध्ये याविषयी स्वतंत्र इशारा दिला. दोन्ही औषधे वेगवेगळ्या जागी ठेवणे, भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर नाव लिहिणे आणि टोचण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीने मोठ्याने वाचून खात्री करणे, हे उपाय साधे आहेत. त्यांना महाग यंत्र लागत नाही, शिस्त लागते.

कुटुंबाने काय सांगावे, काय विचारावे

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, तेव्हा या शस्त्रक्रियेची देशभर चर्चा झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या प्रचलित सांध्याची कमाल किंमत करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरवली. तेव्हापासून सांध्याची किंमत विचारण्याचा हक्क ग्राहकाला कळला आहे. वेदनाशमनाच्या योजनेविषयी विचारण्याचा हक्कही तेवढाच महत्त्वाचा आहे.

भूलतज्ज्ञांची भेट शस्त्रक्रियेपूर्वी होते. त्या भेटीत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, घोरण्याची किंवा श्वास अडकण्याची तक्रार, प्रोस्टेटचा त्रास, मूत्रपिंडाचा विकार आणि पूर्वीच्या भुलेचा अनुभव हे सर्व न लपवता सांगावे. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना कमरेत सुई घातल्यास मणक्यात रक्त साचून पाय लुळे पडू शकतात. म्हणून ते कधी थांबवायचे आणि पुन्हा कधी सुरू करायचे, हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

त्यानंतर चार प्रश्न विचारावेत. कमरेतून दिल्या जाणाऱ्या औषधात मॉर्फिन असणार का? असल्यास रात्री किती वेळाने तपासणी होणार? ती वॉर्डात होणार की अधिक देखरेखीच्या कक्षात? आणि त्या औषधाचा प्रभाव उतरल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, वेदनेसाठी पुढची योजना कोणती? शेवटचा प्रश्न विसरला जातो. पहिला दिवस आरामात गेल्यामुळे गाफील राहिलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी दुपारी अकस्मात वेदना गाठते, आणि फिजिओथेरपीचा पहिला महत्त्वाचा दिवस वाया जातो. प्रभाव ओसरण्यापूर्वीच पुढची औषधे सुरू झालेली असावीत.

बंगळुरूसारख्या बहुभाषक शहरात रुग्णाला समजणाऱ्या भाषेत वेदना विचारली जाणे हीदेखील उपचाराची गरज आहे. शून्य ते दहा या आकड्यांत किंवा चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून वेदना सांगण्याची पद्धत आदल्या दिवशीच आजी-आजोबांना शिकवून ठेवावी. फार गुंगी वाटणे, श्वास अडणे, पाय पुन्हा जड किंवा बधिर होणे, हे जाणवताच घंटा वाजवायची, हेही त्यांना मराठीत नीट समजावून सांगावे. सोबत राहणाऱ्या नातेवाइकाने त्या रात्री आपल्या जवळची कोणतीही झोपेची किंवा वेदनेची गोळी परस्पर देऊ नये.

कृत्रिम सांधा वीस वर्षे टिकावा अशी अपेक्षा असते आणि त्याच्या निवडीवर कुटुंबे महिनोन्‌महिने विचार करतात. मेरुद्रवातील औषधाचा प्रभाव एक दिवस टिकतो आणि त्याची निवड अनेकदा अर्ध्या मिनिटात, कोणी न विचारता होऊन जाते. ते औषध घ्यावे की नाही याचे एकच उत्तर सर्वांसाठी नाही. रात्रभर लक्ष ठेवणारी व्यवस्था असेल तर ते मोठे वरदान ठरते. तशी व्यवस्था नसेल तर ब्लॉक आणि गोळ्यांचा मार्ग अधिक शहाणपणाचा असतो. शस्त्रक्रियेच्या तारखेआधी हे विचारून घेण्यास पाच मिनिटे पुरतात.